हाफकिन, प्लेगची लस आणि जमिनीवर पडलेला चिमटा

चाकण, तळेगाव किंवा भोसरीच्या एखाद्या कंपनीत तुम्ही काम करत असाल, तर वर्षातून एखाद-दोनदा मॉक ड्रिल नक्की बघितलं असेल. भोंगा वाजतो, सगळे असेंब्ली पॉइंटला जमतात आणि कधी कधी डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट घातलेले जवानही येतात. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी हल्ल्यांपासून बचाव कसा करायचा याचं प्रशिक्षण दिलं जातं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना सीएमईची भिंत आपण रोज बघतो, पण आत काय शिकवतात ते आपल्याला फारसं माहीत नसतं.

असं ड्रिल बघून आलेले पेशंट मला मधूनच विचारतात. गॅस गळतीचं समजतं हो डॉक्टर, पण उद्या कोणी मुद्दाम रोगजंतूच सोडले तर काय करायचं, असा त्यांचा रोख असतो. मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगतो. रोगजंतूंपासून मोठ्या लोकसंख्येचा बचाव करण्याचं काम आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी झालं आहे. ते करणारा माणूस लष्करातला नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे नाव तुमच्या कानावर असेल. माणूस मात्र बहुतेकांना माहीत नसतो.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. ते प्राणिशास्त्र शिकले आणि पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधणाऱ्या मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी झाले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा हा तरुण आपल्या लोकांच्या बचावाला उभा राहिला, जखमी झाला, अटकेतही गेला. पुढे विद्यापीठात वर चढायचं तर धर्म बदलावा लागला असता. तो त्यांनी बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. तिथे जागा होती ती ग्रंथालयात. ती त्यांनी घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केलं.

या कामातून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे धाडस आज चालणार नाही. आज नव्या लसीच्या चाचणीला नीतिसमिती लागते, लेखी संमती लागते, टप्पे लागतात, आणि ते योग्यच आहे. पण पहिली सुई स्वतःच्या अंगात घ्यायची ही त्यांची सवय पुढे मुंबईत फार उपयोगी पडली.

लस तपासायची तर पटकी जिथे आहे तिथे जायला हवं, म्हणून ते १८९३ मध्ये कोलकात्याला आले. वाटेत इंग्लंडमध्ये नेटली इथल्या लष्करी वैद्यकीय शाळेत त्यांनी आपली पद्धत दाखवली. तिथे अल्मरॉथ राइट नावाचे प्राध्यापक होते. हाफकिन यांचं काम बघून राइट यांना टायफॉइडची लस सुचली. हे मुद्दाम सांगतो, कारण सैन्य आणि लस यांचं नातं इथे घट्ट झालं. बोअर युद्धात ब्रिटिश सैनिक लढाईत जितके पडले त्याहून जास्त आजाराने मेले, आणि त्या आजारांत टायफॉइड सगळ्यात मोठा होता. लस होती, पण थोड्याच सैनिकांनी घेतली होती. पहिल्या महायुद्धात ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि चित्र बदललं. शत्रूने जंतू सोडले काय किंवा छावणीच्या पाण्यात ते आपसूक आले काय, सैनिकाच्या शरीराला फरक पडत नाही. बचावाची साधनं तीच असतात.

भारतात दोन-अडीच वर्षांत हाफकिन यांनी चाळीस हजारांहून जास्त लोकांना पटकीची लस टोचली. त्यांत उत्तरेकडच्या छावण्यांमधले सैनिक होते आणि कोलकात्याच्या वस्त्यांमधली साधी माणसंही होती. शेवटी मलेरियाने त्यांना गाठलं आणि इंग्लंडला परतावं लागलं. बरं वाटताच ते पुन्हा भारतात आले.

१८९६ : मुंबईत उंदीर पडायला लागले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. एका साध्या प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने हे ओळखलं होतं. सरकारी यंत्रणा नंतर हलली. मॉक ड्रिलच्या संदर्भात मी पेशंटला हेही सांगतो. विचित्र साथ पहिल्यांदा दिसते ती कुठल्यातरी गल्लीतल्या दवाखान्यात. सूट घातलेले जवान त्यानंतर येतात.

ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक छोटी जागा आणि हाताशी तीन-चार माणसं मिळाली. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो मोठ्या प्रमाणावर वाढवायचा, उष्णतेने मारायचा आणि मेलेल्या जंतूंची लस बनवायची, असा त्यांचा विचार होता. जंतू वाढवण्याच्या मांसरसात त्यांनी वरून तूप सोडलं. तुपाच्या थेंबांना लटकून जंतूंच्या लोंब्या खाली वाढायच्या. भांडं हलवलं की त्या तळाशी जायच्या आणि नव्या लोंब्या धरायच्या. मांसरस बकऱ्याच्या मांसाचा असे. टोचून घेणाऱ्या हिंदूला किंवा मुसलमानाला शंका राहू नये, एवढा विचार त्यामागे होता. लस बनवणाऱ्याने लस घेणाऱ्याच्या मनाचा असा विचार करावा, हे मला त्यातल्या शास्त्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही नंतर लोकांना दिल्या जाणाऱ्या डोसापेक्षा बरीच जास्त. ताप आला, अंग दुखलं, आणि ते कामाला लागले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या ज्या कैद्यांनी स्वतःहून हात पुढे केला त्यांना लस दिली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला आणि मृत्यूही कमी.

त्याच वर्षी, पुण्यात

आता थोडं आपल्या भागाकडे येऊ. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग भडकला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सरकारने साथ आवरण्यासाठी वॉल्टर रँड यांना नेमलं आणि घरोघरी सैनिक पाठवले. रुग्ण शोधायचे, त्यांना हलवायचं, घर रिकामं करून धुवायचं, सामान जाळायचं. देवघरात बूट गेले, बायामाणसांची तपासणी परक्या सैनिकांनी केली. संताप साचत गेला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढचा इतिहास चिंचवडगावात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

डॉक्टर म्हणून मला यात एक वेगळी गोष्ट दिसते. धाकापायी लोकांनी रुग्ण लपवले. माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, नातेवाइकांच्या गावी. लपवलेला रुग्ण म्हणजे न दिसणारी साथ. सैन्याच्या ताकदीने घराचं दार उघडतं, पण ताप आलाय हे आईने आपणहून सांगावं लागतं, आणि त्या वर्षी ती सांगत नव्हती.

हाफकिन यांची लस मात्र मागून घ्यायची होती. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी ती लोकांसमोर स्वतः टोचून घेतली आणि त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९७ मध्येच लोणावळ्यात आणि खडकीच्या छावणीत तोफखान्याच्या नोकरचाकरांच्या वस्तीत लसीकरण झालं. खडकी म्हणजे आजच्या दापोडीच्या अगदी शेजारी. तिथल्या सुमारे दीड हजार लोकांपैकी निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी लस घेतली. न घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण घेतलेल्यांच्या कित्येक पट निघालं. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात याहून काटेकोर तपासणी झाली. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस आणि उरलेल्यांना नाही, म्हणजे घर, पाणी, उंदीर सगळं सारखंच. लस घेतलेल्या ७१ पैकी ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २६.

लस परिपूर्ण नव्हती. ताप यायचा, हात सुजायचा, आणि घेऊनही काहींना प्लेग व्हायचाच. हाफकिन यांनी ते लपवलं नाही, आकडे आहेत तसे मांडले.

१८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लाखोंनी डोस बाहेर पडू लागले.

मुलकोवाल, बाटली क्रमांक ५३एन

इथवर वाचून तुम्हाला हा एका यशस्वी शास्त्रज्ञाचा परिचय वाटला असेल. खरी गोष्ट इथून सुरू होते.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली. आठवडाभराने काहींचे जबडे आवळू लागले, मग अंग ताठ होऊन झटके. धनुर्वात. १९ माणसं मेली. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. त्या बाटलीचा क्रमांक ५३एन.

चौकशी आयोग बसला. जंतुसंसर्ग बाटली गावात उघडण्याआधी, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच झाला असावा, असा आयोगाचा कल होता. लस बनवण्याच्या नव्या पद्धतीत हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं आणि उष्णतेवर भिस्त ठेवली होती, यावर बोट ठेवण्यात आलं. त्यांना कामावरून दूर केलं गेलं आणि ते युरोपला परतले. एक परका, ज्यू, वैद्यकीय पदवी नसलेला माणूस. दोष ठेवायला सोयीचा होता.

गावात काय झालं होतं? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. त्याऐवजी तो कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि बीजाणूंच्या, म्हणजे कवच घातलेल्या रूपात असतात. ते कवच कार्बोलिकच्या पाण्यात दोन क्षण बुडवून फुटत नाही.

जाणकारांनी आणखी एक प्रश्न विचारला. धनुर्वाताचा जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असता तर बूच काढताच घाण वास यायला हवा होता, आणि आयतं विष शरीरात गेल्यामुळे लक्षणंही लवकर दिसायला हवी होती. वास आला नव्हता. लक्षणांना आठवडा लागला होता. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ नामवंतांच्या सह्यांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका निघाला. पाच वर्षं गेली होती.

मला ही पाच वर्षं अस्वस्थ करतात, त्याचं कारण सांगतो. इंटर्नशिप करत असताना ड्रेसिंगच्या ट्रेमधला चिमटा खाली पडलेला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेला आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. बाहेर रांग होती, सिस्टर एकटी होती, मी नवखा होतो. मी काही बोललो नाही. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. मुलकोवालचा मदतनीसही असाच घाईतला कुणीतरी असणार. म्हणून मला त्याचा राग येत नाही.

हाफकिन पुन्हा भारतात आले, पण कोलकात्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. १८९७ पासून तोवर तिथून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. शेवटची वर्षं त्यांनी एकट्याने, धर्माच्या अभ्यासात काढली. लग्न केलं नव्हतं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ते वारले. आपली पुंजी त्यांनी ज्यू मुलांच्या पाठशाळांसाठी ठेवली.

तोच जंतू, दुसऱ्याच्या हातात

हाफकिन गेल्यावर तीनच वर्षांनी त्यांच्या संस्थेचं नाव एका खून खटल्यात आलं. पाकूडच्या जमीनदार घराण्यातल्या एका तरुणाला नोव्हेंबर १९३३ मध्ये हावडा स्टेशनच्या गर्दीत काहीतरी टोचलं आणि काही दिवसांत तो मेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले. शहरात साथ नव्हती. तपासाचा धागा मुंबईपर्यंत आला. सावत्र भावाने एका डॉक्टरला हाताशी धरून, संशोधनाच्या नावाखाली इथून जंतू मिळवले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराने चीनमधल्या शहरांवर प्लेगच्या पिसवा टाकल्या.

लस बनवायची तर जंतू जपून ठेवावा लागतो, आणि जपून ठेवलेला जंतू कुणी पळवूही शकतो. म्हणून आज अशा प्रयोगशाळांत कुलपं, नोंदवह्या आणि प्रवेशाचे कडक नियम असतात. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. लष्करासाठी रासायनिक आणि जैविक बचावाचं संशोधन आपल्याकडे मुख्यतः ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत चालतं. जंतू लवकर ओळखणारी किट, श्वासाचे मास्क, अंगावरचे सूट, निर्जंतुकीकरण, असं ते काम आहे.

औषधाची बाजू आपल्या पिंपरीत आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये आधी पेनिसिलिन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिनही बनलं. पेनिसिलिन प्लेगवर चालत नाही, स्ट्रेप्टोमायसिन चालतं. हाफकिन यांच्या हातात तेव्हा लसीशिवाय काही नव्हतं. आज प्लेग वेळेत ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या साध्या औषधांनी बरा होतो. हाफकिन यांची जुनी लस आता सर्रास दिली जात नाही. ती गाठीच्या प्लेगवर उपयोगी होती, फुफ्फुसाच्या प्लेगवर तिचा भरवसा नव्हता.

१९९४ आठवतंय? ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग, मग सुरतेची बातमी. मी तेव्हा शाळेत होतो. सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते आणि मेडिकलमधून टेट्रासायक्लिन गायब झालं होतं. त्यातलं बरंचसं निरोगी माणसांनीच घेऊन टाकलं होतं. तेवढं मात्र पुन्हा करू नका. अँटिबायोटिक घरात साठवून ठेवायची वस्तू नाही.

दवाखान्यात येताना

एकाच घरात, एकाच खोलीत किंवा एकाच शॉपवर तीन-चार जणांना अचानक सारखा जोराचा ताप, काखेत-जांघेत दुखरी गाठ किंवा दम लागणं, असं झालं तर वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेले जाऊ नका. बाकीचेही आजारी आहेत हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. परिसरात उंदीर मेलेले दिसले असतील तर तेही सांगा, आणि ते उघड्या हाताने उचलू नका. आपल्याकडे अशा तापाचं कारण बहुतेक वेळा डेंग्यू, लेप्टो किंवा फ्लू निघतं. तरी सांगायचंच.

इंजेक्शन घेताना बाटलीचं सील, तारीख आणि नवी सिरिंज बघायला मागणं हा अविश्वास नाही. माझ्याकडे मागितलंत तर मला राग येणार नाही. लस घेतल्यावर काही वेगळं वाटलं तर जिथे घेतली तिथे कळवा, म्हणजे त्या बॅचची नोंद होते.

आणि धनुर्वात. पत्र्याने कापलं की चाकणहून थेट इंजेक्शनसाठी येणारे पुष्कळ आहेत. आधी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवा. माती, ग्रीस, गंज आत राहू देऊ नका. लहानपणाचे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांच्या आत पुन्हा टोचायची गरज नसते. खोल किंवा मातीने भरलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर टीडीचा एक डोस घ्यायचा. डोस कधीच पूर्ण झाले नसतील किंवा आठवतच नसेल तर तसं सांगा, तेव्हा हिशेब वेगळा असतो आणि कधी कधी वेगळं तयार प्रतिद्रव्यही द्यावं लागतं. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दहापैकी नऊ जणांना ती आठवत नाही.